अ‍ॅप म्हणालं ओहोटी, खाडी म्हणाली भरती: रोहित बघायला जाण्याआधी हे वाचा

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझा एक मित्र रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला ठाणे खाडीच्या काठावर गेलो होतो. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. सकाळचे साडेआठ वाजले होते. समोर गुलाबी पट्टा दिसत होता, पण लांब. मोबाईलमध्ये पाहिलं तर नुसते ठिपके. माझ्या फोनवर मीच लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट होती. रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा इंटरनेटवरून घ्यायची आणि सकाळी नोटिफिकेशन पाठवायची. त्या दिवशीचं नोटिफिकेशन असं होतं: भरती ६:१०, ओहोटी १२:२०. म्हणजे पाणी उतरतंय, दुपारपर्यंत उतरतच राहणार. मग काय, चप्पल हातात घेतली आणि चिखलात उतरलो.

पन्नासेक पावलं गेलो असू. चिखल घोट्यापासून पोटरीपर्यंत आला, पोटरीपासून गुडघ्याला टेकला. एक पाय काढायचा तर दुसरा आत जायचा. आम्ही जवळ येतोय हे पाहून समोरचा थवा आधी चालत मागे सरकला आणि मग सगळाच्या सगळा उडाला. मी व्हिडिओ काढत होतो आणि मनात म्हणत होतो, काय भारी शॉट मिळाला! तेवढ्यात मागून होडीतून एक काका ओरडले, "कुठं चाललात रे? पानी वर येतंय!"

मी म्हटलं, "काका, आत्ता ओहोटी आहे ना?"

"आज पुनव हाय. पुनवेला बाराला पानी भरतं. फिरा मागं."

वळून पाहिलं तर आम्ही उतरलो त्या जागेच्या डाव्या बाजूला जो कोरडा चिखल होता, तिथे पाण्याची चकचकीत जीभ आली होती. परत यायला जितका वेळ गेला, त्यातली पाच-सात मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मित्राची चप्पल खाडीलाच गेली. आम्ही वर आलो आणि काठावर बसून राहिलो. अर्ध्या तासात आम्ही जिथून मागे फिरलो होतो ती जागा पाण्याखाली होती.

घरी येऊन मी स्क्रिप्ट उघडली. चूक एका ओळीत सापडली. त्या चुकीबद्दल, आणि भरतीचा तक्ता नक्की काय सांगतो (आणि काय सांगत नाही) त्याबद्दल हा लेख आहे. खाडीवर, समुद्रकिनाऱ्यावर, खारफुटीत फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हल्ली एखादं टाईडचं अ‍ॅप असतं. ते वाचता येणारे मात्र कमी, आणि मी त्यांच्यात नव्हतो.

आधी जागेबद्दल थोडं

ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या दरम्यानचा खाडीचा पट्टा २०१५ मध्ये 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून जाहीर झाला. साधारण १,६९० हेक्टर. त्यात निम्म्याहून थोडी जास्त खारफुटी आणि बाकीचं पाणी-चिखल. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. दोन्ही बाजूंना कोट्यवधी लोकांचं शहर, डोक्यावर विजेच्या तारा, आणि मधे हजारो रोहित. लहान रोहित आणि मोठा रोहित अशा दोन्ही जाती इथे येतात. संख्येने लहान रोहित जास्त. कच्छच्या रणात त्यांची वीण होते आणि साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत ते इकडे मुक्कामाला असतात. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून बोटीची फेरी मिळते.

त्या बोटीची वेळ रोज वेगळी असते. पहिल्यांदा बुकिंग करणारे यावरून चिडतात ("अरे, रविवारी सकाळी सातची का नाही?"). कारण साधं आहे: ओहोटीला बोटीखाली पाणीच नसतं. इथलं घड्याळ सूर्याचं नाही, चंद्राचं आहे.

आणि रोहितांचं जेवणही त्याच घड्याळावर चालतं. ते चोच उलटी करून पाण्यातून आणि चिखलातून बारीक शेवाळ, कीटक, कवचधारी जीव गाळून खातात. त्याच अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे ते गुलाबी होतात. चिखल उघडा असतो, किंवा त्यावर पाय टेकतील इतकंच पाणी असतं, तेवढे तास त्यांच्या जेवणाचे. पूर्ण भरती झाली की चिखल बुडतो, मग ते आडोशाच्या जागी जाऊन उभे राहतात. नवी मुंबईत सीवूड्सच्या बाजूचे डीपीएस आणि एनआरआय तलाव किंवा टीएस चाणक्यचा परिसर भरतीच्या वेळी गुलाबी होतो तो यामुळेच. म्हणजे आम्ही तो थवा उडवला तेव्हा फक्त 'घाबरवलं' असं झालं नाही. भरती वर चढत होती, त्यांच्या ताटातलं जेवण मिनिटामिनिटाला पाण्याखाली जात होतं, आणि आम्ही त्यांना ताटावरून उठवलं.

भरती दोनदा का, आणि रोज उशिरा का

शाळेत शिकलोय, चंद्राच्या ओढीने भरती येते. पण तक्ता वाचायला त्याच्या पुढचं थोडं लागतं.

चंद्राच्या बाजूला पाणी फुगतं आणि बरोबर विरुद्ध बाजूलाही फुगतं, म्हणून दिवसात दोन भरत्या. पृथ्वी एक फेरी मारते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे पुन्हा त्याच्याखाली यायला २४ तास नाही, २४ तास ५० मिनिटं लागतात. म्हणून दोन भरत्यांमध्ये अंतर साधारण १२ तास २५ मिनिटांचं, आणि भरती ते ओहोटी सहा तासांहून जरा जास्त.

यात सूर्याचाही हात आहे, चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि ओहोटीला अर्ध्या मीटरपर्यंत किंवा त्याखाली उतरतं. म्हणजे फरक चार मीटर, एका मजल्याहून जास्त! भांगाला तोच फरक दीड-दोन मीटरवर येतो. पावसाळ्यात बातम्यांत 'आज साडेचार मीटरहून मोठी भरती, समुद्रकिनारी जाऊ नका' असं येतं ना, तो हाच आकडा. आणि सगळ्यात मोठी भरती बरोबर अमावस्येला नसते, एक-दोन दिवसांनी असते. पाण्याला इतक्या मोठ्या प्रमाणावर हलायला वेळ लागतो.

आता अ‍ॅप हे कसं काढतं? मला वाटलं होतं काहीतरी जबरदस्त सिम्युलेशन चालत असेल. तसं काही नाही. बंदरावर मोजपट्टी लावून वर्षानुवर्षं पाण्याची उंची नोंदवतात. मग ती वरखाली होणारी रेघ वेगवेगळ्या साध्या लाटांची बेरीज आहे असं मानून तिचे तुकडे पाडतात. प्रत्येक लाटेचा कालावधी खगोलशास्त्राने ठरलेला असतो. चंद्राची मुख्य लाट १२.४२ तासांची, तिला एम२ म्हणतात. सूर्याची बरोबर १२ तासांची, ती एस२. मग दिवसातून एकदाच वरखाली होणाऱ्या के१ आणि ओ१, आणि अशा बऱ्याच. प्रत्येक बंदरात प्रत्येक लाट किती उंच आणि किती उशिरा, एवढे दोन आकडे काढले की झालं. पुढच्या वर्षीची कुठलीही तारीख द्या, कोसाईनची बेरीज करा, उत्तर तयार. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला फूरिए शिकताना 'याचा उपयोग काय' असं विचारलं असेल तर हा घ्या.

गंमत बघा: १२.४२ आणि १२ तासांच्या दोन लाटा एकत्र केल्या की त्या कधी सुरात येतात, कधी एकमेकींना मारतात. पुन्हा सुरात यायला लागणारा वेळ काढला तर १४.७७ दिवस येतो. हाच आपला पंधरवडा, उधाण ते उधाण. के१ आणि ओ१ मुळे एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तक्त्यात ते लगेच दिसतं.

ही बेरीज करायला कॉम्प्युटरही लागला नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८७० च्या दशकात पितळी चाकं, कप्प्या आणि दोरीचं यंत्र बनवलं. एकेक चाक म्हणजे एकेक लाट, आणि दोरी त्यांची बेरीज करून कागदावर रेघ ओढायची. १८७९ मध्ये भारतातल्या बंदरांसाठी असं एक खास यंत्र इंग्लंडमध्ये तयार झालं होतं. तुमच्या फोनमधलं अ‍ॅप आजही तेच गणित करतं, फक्त दोरी नाही.

आजोबांचं सूत्र

काकांनी मात्र ना कोसाईन काढला, ना फोन पाहिला. 'पुनवेला बाराला' हे त्यांना कसं माहीत?

आपल्याकडे कोकणात-मुंबईत एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. आजची तिथी घ्या, तीनने गुणा, चारने भागा. जे येईल ती भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थी? चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्ष सुरू झाला की पुन्हा एकपासून मोजायचं.

हे चालतं का? चालतं, कारण तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातल्या कोनाचंच माप आहे, एका तिथीला १२ अंश. अंदाजे ३० तिथ्यांत चंद्र भरतीला २४ तास मागे खेचतो, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. सूत्रात ४५ मिनिटं धरली आहेत, कारण पाऊण डोक्यात पटकन करता येतो. त्यामुळे पक्षाच्या शेवटी हिशेब थोडा लवकरचा येतो. पौर्णिमेला सूत्र सव्वाअकरा म्हणतं, मुंबईत प्रत्यक्षात बाराच्या आसपास असतं. पाऊण तासाची चूक, तीही कुठलाही डेटा न घेता. मी कॉलेजमध्ये याहून वाईट अचूकतेचे मॉडेल सबमिट केले आहेत.

हे सूत्र मुंबईच्या आसपासचं आहे हे लक्षात ठेवा. प्रत्येक बंदराला भरती वेगवेगळ्या उशिराने पोचते, त्यामुळे चेन्नईला ते लावायला जाऊ नका.

यातून पक्षी बघणाऱ्याला एक गोष्ट फुकट मिळते. मुंबईत उधाणाची भरती नेहमी दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमारास असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. भांगाला बरोबर उलटं. काठावरून किंवा जेट्टीवरून बघायचं असेल तर पाणी वर चढताना पक्षी काठाकडे ढकलले जातात, म्हणजे भरतीच्या दोन-तीन तास आधीपासूनचा वेळ चांगला. सकाळचं मऊ ऊनही हवं आणि जवळचे पक्षीही हवे, तर भरती नऊ-दहाच्या सुमाराला पाहिजे. म्हणजे एकादशी ते त्रयोदशी. मी आता कॅलेंडरमध्ये शनिवार-रविवारी या तिथ्या कधी येतात ते आधी बघतो, सुट्टी नंतर मागतो. आई म्हणते, 'एकादशी कधी आहे' असं विचारणारा मुलगा घरात आहे, शेजाऱ्यांना सांगायला बरं वाटतं.

माझी चूक कुठे होती

ज्या ठिकाणाहून स्क्रिप्ट वेळा घ्यायची, तिथे भरतीची वेळ अशी यायची: तारीख, मग ०६:१०, आणि शेवटी इंग्रजी झेड हे एक अक्षर. झेडचा अर्थ, ही वेळ यूटीसीमध्ये आहे. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. मी ते अक्षर 'कचरा' समजून कापून टाकलं होतं आणि ०६:१० जसंच्या तसं दाखवत होतो. खरी भरती ११:४० ला होती.

टाईमझोनचा बग कोण करत नाही? ऑफिसमध्ये आठवड्याला एक निघतो. पण इथे तो खास धोकादायक आहे. भरती ते ओहोटी सहा तास बारा मिनिटं, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. म्हणजे यूटीसीतली भरती भारतीय वेळ म्हणून वाचली की तक्ता जवळजवळ उलटा होतो! भरतीच्या जागी ओहोटी आणि ओहोटीच्या जागी भरती. थोडा चुकीचा नाही, बरोबर उलटा. नोटिफिकेशन दिसायला मात्र अगदी नीटनेटकं. मला रोज चुकीच्या वेळा मिळत होत्या आणि घरात बसून असल्यामुळे तीन आठवडे कळलंच नाही.

साडेआठ वाजता माझी स्क्रिप्ट म्हणत होती पाणी उतरतंय. खरं म्हणजे ते साडेपाचपासून चढत होतं आणि आम्ही त्याच्या सगळ्यात वेगवान तासात उतरलो होतो. पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा ढोबळ नियम आहे: एकूण चढाचे बारा भाग करा, पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ चार मीटरचा असेल तर मधल्या तासांत तासाला एक मीटर.

एक मीटर उभा चढ ऐकायला काही वाटत नाही. पण चिखलाचं मैदान जवळजवळ सपाट असतं. समजा उतार ५०० मीटरला एक मीटर. मग पाणी त्या तासात आडवं ५०० मीटर पुढे येतं, मिनिटाला आठ मीटर. सिमेंटच्या रस्त्यावर तुम्ही त्याच्या पुढे आरामात चालाल. गुडघाभर चिखलात मी मिनिटाला किती मीटर चाललो असेन, तुम्हीच अंदाज करा. त्यात पाणी समोरूनच येतं असं नाही. चिखलात ओहळ असतात, ते आधी भरतात, आणि पाणी तुमच्या मागून येतं. आमच्या डाव्या बाजूला दिसली ती जीभ तीच होती.

अ‍ॅप उघडल्यावर काय बघायचं

वेळ कुठल्या झोनमध्ये आहे ते तर बघाच. त्याहून सोपी तपासणी: तिथी बघा, पाऊणपट करा, ताळा जुळतो का बघा. दीड-दोन तासांहून जास्त फरक असेल तर अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका.

मग अ‍ॅप कुठल्या जागेचे आकडे दाखवतंय ते बघा. मुंबईचा तक्ता बहुतेक वेळा अपोलो बंदरचा असतो, म्हणजे गेटवेपाशी, बंदराच्या तोंडाशी. भरती ही एक लांबच लांब लाट आहे आणि तिला खाडीत आत शिरायला वेळ लागतो. उथळ पाण्यात तिचा वेग खोलीवर ठरतो. पाच मीटर खोल पाण्यात तासाला साधारण २५ किलोमीटर. त्यामुळे ऐरोलीला वेळ गेटवेची नसणार, मागे सरकणार. किती, ते त्या जागी रोज बोट चालवणाऱ्याला विचारा. त्याच्याइतका चांगला डेटासेट मला अजून कुठे मिळालेला नाही.

काही अ‍ॅप्स 'तुमच्या लोकेशनची भरती' दाखवतात, मिनिटापर्यंत अचूक. ही अ‍ॅप्स बऱ्याचदा जागतिक मॉडेल वापरतात, ज्यात समुद्राचे चौकोन पाडलेले असतात आणि एक चौकोन काही किलोमीटरचा असतो. उघड्या समुद्रात हे छान चालतं. आपली खाडी मात्र कुठे कुठे त्या चौकोनाहून अरुंद आहे. मग अ‍ॅप शेजारच्या चौकोनांवरून अंदाज बांधतं आणि तो '११:४३' असा छापतं. मिनिटं दिसली म्हणजे मिनिटांची अचूकता आहे असं नाही.

उंचीचा आकडाही फसवा असतो. 'भरती ४.४ मीटर' म्हणजे तुमच्या पायाखाली ४.४ मीटर पाणी नव्हे. हा आकडा चार्ट डेटम नावाच्या एका ठरवलेल्या पातळीपासून मोजतात, जी मोठ्यातल्या मोठ्या ओहोटीच्या आसपास असते. चिखलाचे बरेच पट्टे या पातळीच्या वर असतात. म्हणून '१.२ मीटर' वाचून कमरेइतकं पाणी असेल असं समजू नका. कदाचित तिथे पाणीच नसेल. आणि '३ मीटर' वाचून बुडायला होईल का, हेही त्यावरून कळत नाही. तिथला चिखल किती उंचीवर आहे ते माहीत हवं.

शेवटचं म्हणजे हे सगळं फक्त चंद्र-सूर्याचं गणित आहे. वारा, हवेचा दाब, पाऊस यात नाही. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइसचे उंच लाटांचे आणि वादळाचे इशारे बघायचे.

तरी फोटो हवाच ना?

हवा. पण आम्ही चिखलात का उतरलो याचं मूळ फोनच्या कॅमेऱ्यात होतं, म्हणून थोडा हिशेब. फोनचा मुख्य कॅमेरा २०० मीटरवर साधारण २७५ मीटर रुंद दृश्य टिपतो. फोटो ४,००० पिक्सेल रुंद असेल तर एका मीटरला साडेचौदा पिक्सेल येतात. लहान रोहित जेमतेम ९० सेंटीमीटर उंच. म्हणजे तुमच्या फोटोत तो १३ पिक्सेलचा! व्हॉट्सअ‍ॅपच्या इमोजीतही याहून जास्त तपशील असतो. स्क्रीन चिमटीने ताणून झूम केलं तरी तेच १३ पिक्सेल मोठे दिसतात, नवीन काही मिळत नाही. फोनला खरी ५ पट टेलिफोटो लेन्स असेल तर ६५. आणि आम्ही ५० पावलं चाललो म्हणजे २०० मीटरचे १७० झाले असतील. १३ चे १५ पिक्सेल. दोन पिक्सेलसाठी हा सगळा उपद्व्याप!

त्यापेक्षा ८ पटीची साधी दुर्बीण घ्या आणि फोनची मुख्य लेन्स तिच्या डोळ्याच्या बाजूला टेकवा. शंभरेक पिक्सेल मिळतात. कोपर कठड्यावर टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बोट लागून हलतं. सकाळी लवकर काढा. ऊन चढलं की चिखलावरची गरम हवा थरथरते आणि कितीही महागडा फोन असला तरी पक्षी पाण्यात बुडवल्यासारखे दिसतात. आणि अधूनमधून खाली बघा. जेट्टीच्या कठड्यालगत चिखलात उड्या मारणारे निवटे हातभर अंतरावर असतात, फोनला ते झकास जमतात. ड्रोन मात्र बॅगेतही नको. अभयारण्यात त्याला वनखात्याची परवानगी लागते, आणि एका ड्रोनने उठणारा थवा आम्ही उठवलेल्या थव्याहून कितीतरी मोठा असतो.

सुरुवातीला जागेचं नाव लिहिलं नाही त्याचं कारण आता. त्या दिवशीचा व्हिडिओ मी स्टेटसला टाकला होता, लोकेशनसकट. पुढच्या रविवारी ऑफिसमधले चार जण तिथेच जाऊन चिखलात उतरले आणि मला अभिमानाने फोटो पाठवले. त्यांना मी काकांचं काही सांगितलंच नव्हतं. फोनचा कॅमेरा फोटोच्या आतच अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतात, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सगळे तसेच जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करता येतो. नोंद करायची असेल तर ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्टवर करा. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची नेमकी जागा लोकांना दाखवत नाही, साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी असं दाखवतं. अभ्यासकांना डेटा मिळतो, गर्दीला पत्ता मिळत नाही.

स्क्रिप्टचं पुढे काय झालं

झेड आता कापत नाही. वेळ भारतीय वेळेत बदलते, आणि त्यानंतर एक तपासणी जोडली आहे: त्या दिवसाची तिथी काढायची, पाऊणपट करायची, आणि आलेल्या भरतीच्या वेळेशी ताडून बघायची. दीड तासाहून जास्त फरक पडला तर नोटिफिकेशनमध्ये वेळ येतच नाही, फक्त लाल अक्षरांत 'काकांना विचारा' असं येतं. गेल्या चार महिन्यांत ते दोनदा आलं. एकदा सर्व्हरने आदल्या दिवसाचा डेटा परत पाठवला होता. दुसऱ्यांदा चूक तिथी काढणाऱ्या माझ्याच कोडमध्ये होती.